कराडच्या चंद्रलेखेवर कादंबरी लिहायची असेल तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी कराडला कॉलेजात इतिहास शिकवते. इथल्या शिलाहार घराण्याच्या चंद्रलेखेनं स्वयंवरात चालुक्य सम्राट सहाव्या विक्रमादित्याला वरलं, हे वाचल्यापासून तिच्यावर कादंबरी लिहायचं डोक्यात घेतलंय. पण साधनं तुटपुंजी आहेत. याला प्रेमविवाह म्हटलं तर इतिहासाशी प्रतारणा होईल का? कल्पनेला कुठवर मोकळं सोडायचं?"

ताई, लिहाच. साताऱ्यात राहून मी इतकी वर्षं ऐतिहासिक कथा-कादंबऱ्या लिहितो आहे, नव्या लेखकांची हस्तलिखितंही वाचतो. त्यांतली जवळजवळ सगळी शिवकाळात नाहीतर पेशवाईत घडतात. त्याच्या मागे जायला कुणी धजत नाही. तुम्ही थेट अकराव्या शतकात उतरायचं म्हणता, तेही आपल्याच जिल्ह्यातल्या मुलीसाठी, याचं मला मनापासून अप्रूप वाटतं.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. प्रेमविवाह म्हणायला काही हरकत नाही. मात्र ते प्रेम स्वयंवराच्या मंडपात जन्मलेलं दाखवू नका, कारण तिथे ते खरं वाटणार नाही. तिचा निर्णय मंडपाच्या आधी झालेला असला पाहिजे. असं का म्हणतो ते साधनांतूनच सांगतो.

मुख्य साधन म्हणजे बिल्हणाचं 'विक्रमाङ्कदेवचरित'. अठरा सर्गांचं हे काव्य. त्याची जुनी पोथी 1874 साली जैसलमेरच्या जैन भांडारात जर्मन संशोधक ब्यूलरला मिळाली आणि पुढच्याच वर्षी ती छापून आली. सातव्या सर्गात वसंत येतो. करहाटच्या, म्हणजे कराडच्या, राजाची मुलगी स्वयंवर करणार आहे, हे विक्रमादित्याला कळतं. आठव्या सर्गात तिचं वर्णन आहे आणि नवव्यात स्वयंवर. तिथे अयोध्या, चेदी, कान्यकुब्ज, कालंजर, गोपाचल, माळवा, गुर्जर, पांड्य, चोळ असे देशोदेशीचे राजे बसलेले आहेत. प्रतिहारी एकेकाची ओळख करून देते, मुलगी पुढे सरकते आणि शेवटी माळ विक्रमादित्याच्या गळ्यात पडते.

रघुवंशाचा सहावा सर्ग वाचलेल्याला हा साचा लगेच ओळखू येईल. इंदुमतीचं स्वयंवर कालिदासानं असंच रचलं आहे. बिल्हण त्या वाटेनं मुद्दाम चाललाय. राजकवीनं आपल्या राजाला अजाच्या, म्हणजे इंदुमतीनं वरलेल्या राजाच्या, पंगतीला बसवायचं असतं, ते त्यानं केलं. म्हणून त्या राजांच्या यादीला हजेरीपट समजू नका. मंडलिक शिलाहारांच्या मुलीसाठी अयोध्येचा आणि कनोजचा राजा कृष्णाकाठी येऊन बसला, असं कादंबरीत लिहिलंत तर जाणता वाचक तिथेच पुस्तक मिटेल. हा सगळा सोहळा कवीच्या तोंडी ठेवा. बिल्हण तुमच्या कादंबरीत पात्र म्हणून येऊ शकतो. तो आला की प्रत्यक्षात काय झालं आणि काव्यात काय उतरलं, ही दोन्ही चित्रं तुम्हाला शेजारी शेजारी ठेवता येतील.

त्याच नवव्या सर्गात एक बारीक धागा आहे आणि कादंबरीकाराला खरा उपयोग त्याचाच आहे. विक्रमादित्यानं पाठवलेला माणूस कराडहून परततो आणि सांगतो की तीही तुमच्यावर आसक्त आहे. म्हणजे दोघांनी एकमेकांना पाहण्याआधी एक माणूस इकडून तिकडे गेला-आला. काहीतरी विचारलं गेलं, काहीतरी सांगितलं गेलं. बिल्हण राजाची तळमळ श्लोकांमागून श्लोकांत सांगतो, तिचं पायापासून डोक्यापर्यंत वर्णन करतो. मात्र तिनं त्या दूतापाशी काय विचारलं, याबद्दल चकार शब्द काढत नाही. तुमची कादंबरी नेमकी तिथे आहे.

आता ती कुणाला निवडत होती ते बघा. विक्रमादित्य 1076 साली गादीवर आला तो थोरल्या भावाला, दुसऱ्या सोमेश्वराला, हरवून आणि कैद करून. बिल्हण याचं समर्थन करताना साक्षात शंकराला मध्ये आणतो. इतकं समर्थन करावं लागलं, यावरूनच लोक काय बोलत असतील ते कळतं. त्यानं स्वतःच्या नावाचा चालुक्य विक्रम शक सुरू केला आणि पुढे पन्नास वर्षं, 1126 पर्यंत, राज्य केलं. चोळ राजा वीरराजेंद्राची मुलगी त्याच्या घरात आधीच आलेली होती, आणखीही राण्या होत्या. राजधानी कल्याण. हे ठाण्याजवळचं कल्याण नव्हे, बिदर जिल्ह्यातलं आजचं बसवकल्याण. कराडहून पंढरपूर-सोलापूरच्या अंगानं गेलं तर सुमारे 300 किलोमीटर. लवाजम्यासह बैलगाड्यांचा प्रवास म्हणजे दोन आठवडे सहज. दूताला, घोडा चांगला असला, तर याच्या निम्म्याहून कमी. हा हिशेब वहीत मांडून ठेवा, कारण निरोप जायला-यायला लागणारे दिवस म्हणजेच तुमच्या नायिकेचा वाट पाहण्याचा काळ.

आणि ती स्वतः कोण? कोल्हापूर-कराडच्या शिलाहारांची. 'तगरपुरवराधीश्वर' हे या घराण्याचं बिरुद, म्हणजे मूळ सांगणार तेरचं. ध्वजावर सोन्याचा गरुड, कुलदेवता कोल्हापूरची महालक्ष्मी. घराण्याचा आद्यपुरुष जीमूतवाहन. नागाच्या जागी गरुडापुढे स्वतःचा देह ठेवणारा हा विद्याधर. लहानपणापासून ही कथा घरात ऐकलेली मुलगी 'देणं' आणि 'निवडणं' यांचा विचार इतरांहून वेगळा करणार. हा धागा मला फार मोलाचा वाटतो. तिचा पिता मारसिंह असावा असं अभ्यासकांनी मानलं आहे. याच मारसिंहाचा शके 980 चा, म्हणजे 1058 सालचा ताम्रपट मिरजेला मिळाला. तुमच्या इतिहास विभागाच्या ग्रंथालयात शिलाहारांच्या लेखांचं संपादन नक्की असेल. त्यातली प्रशस्ती मोठ्यानं वाचा. तिच्या बापाच्या सभेत रोज कानावर पडणारी भाषा ती.

इथे बहुतेक नवे लेखक अडतात. ते प्रेम एका पारड्यात टाकतात आणि राजकारण दुसऱ्या. बाप म्हणतो सम्राटाशी सोयरीक जोडू, मुलगी म्हणते मला प्रेम हवं, आणि मग योगायोगानं दोन्ही एकच निघतं. असं लिहू नका. राजघराण्यातल्या मुलीला राजकारण बाहेरून चिकटलेलं नसतं, ती त्यातच वाढलेली असते. ज्याच्या आज्ञेनं आपल्या बापाचं राज्य चालतं, तोच आपल्याला मागतोय. तेव्हा नाही म्हणायची सोय कितपत आहे, हे तिला पुरतं कळतं. हे कळत असूनही ती मनापासून हो म्हणते का, आणि कशाच्या जोरावर? याचं उत्तर तिनं द्यायचं आहे. बापानंही नाही आणि कवीनंही नाही.

मी लिहिलं असतं तर तो दूत असा आणला असता:

"फाल्गुनातली दुपार. कृष्णेचं पाणी घाटाच्या खालच्या पायरीवर उतरलेलं. दूत कल्याणहून आलेला, बोलणं कानडी. राजाचा पराक्रम, हत्ती, दानं सगळं सांगून झालं. ती ऐकत होती. मग म्हणाली, 'थोरल्या भावाला त्यांनी बंदीत ठेवलंय. त्याला जेवायला कोण वाढतं?'

दूत गप्प झाला. हा प्रश्न त्याला कुणी पढवलेला नव्हता.

'जुना आचारी ठेवलाय,' तो थोड्या वेळानं म्हणाला. 'देवांनीच सांगितलं, त्याच्या हातचंच द्या.'

'आणि ते स्वतः भेटायला जातात?'

'नाही.'

'कधीच?'

'एकदा दारापर्यंत गेले होते. मी सोबत होतो. आत गेले नाहीत.'

तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. 'हे तू सांगायला नको होतंस,' ती म्हणाली. 'पण सांगितलंस ते बरं केलंस.'"

आचारी, दार, पदर सगळं माझ्या मनातलं. पण भाऊ कैदेत गेला हे खरं आहे आणि दूत आला-गेला हे काव्यात आहे. कल्पना अशा दोन खुंट्यांच्या मध्ये बांधायची. दाराशी थांबून परत फिरलेला माणूस तिला आवडतो. पराक्रमाच्या वर्णनानं जे झालं नसतं ते त्या एका वाक्यानं होतं. प्रेम कशावर बसतं हे वाचकाला दिसलं की मग मंडप, माळ, वाजंत्री या गोष्टी दोन पानांत उरकता येतील.

दुसरं साधन काश्मीरचं आहे आणि त्यानं मी दर वेळी थक्क होतो. कल्हणाची 'राजतरंगिणी' 1148-49 ची. तिच्या सातव्या तरंगात काश्मीरचा राजा हर्ष, ज्याचं राज्य 1089 ते 1101, कर्णाटाधिपती पर्माडीच्या राणीचं, चंदलेचं, म्हणजे आपल्या चंद्रलेखेचं, चित्र पाहतो आणि खुळा होतो. पर्माडी म्हणजे आपला विक्रमादित्य. हर्ष भर सभेत तिला मिळवण्याची प्रतिज्ञा करतो, ती मिळेपर्यंत कच्चा कापूर वर्ज्य करतो, आणि भोवतालचे लोक त्याला आणखी चढवतात. कल्हण हे सगळं राजाच्या वेडाचं उदाहरण म्हणून सांगतो. तोवर हिच्या लग्नाला बरीच वर्षं लोटलेली. कराडच्या मुलीची कीर्ती देशाच्या दुसऱ्या टोकाला चित्ररूपानं पोचली होती.

आता हे जुळवून पाहा. बिल्हणही काश्मीरचाच, श्रीनगरजवळच्या खोनमुषचा. पर्माडीनं त्याला विद्यापती ही पदवी दिली, हत्तीवरून जाताना राजासमोर त्याच्यावर छत्र धरलेलं असे, हे कल्हणच सांगतो. आणि पुढे म्हणतो की हर्ष कवींचा केवढा आदर करतो हे ऐकल्यावर बिल्हणाला आपलं हे सगळं वैभव फसवं वाटलं. कवी कल्याणात बसून हर्षाच्या सभेसाठी झुरतो, आणि हर्ष काश्मीरात बसून त्या कवीच्या आश्रयदात्याच्या राणीसाठी. मधला दुवा कवीचे श्लोकच होते, असं कादंबरीत मानायला मला काही अडचण दिसत नाही. तुमच्या नायिकेला हे कळतं तेव्हा तिला काय वाटतं? आपलं अंगप्रत्यंग परमुलखात चर्चिलं जातंय, ते आपल्याच पदरच्या कवीमुळे. इथे तिच्या आणि बिल्हणाच्या समोरासमोरच्या भेटीचं एक प्रकरण झालंच पाहिजे. माझ्या मते सबंध कादंबरीतलं ते सर्वांत ताकदीचं प्रकरण ठरेल.

लग्नानंतरचा भाग लेखक गुंडाळतात. तुम्ही गुंडाळू नका. कोरीव लेखांत ती चंदलदेवी म्हणून येते, नृत्य-संगीतातल्या तिच्या जाणकारीची नोंद आहे. चालुक्यांच्या राण्या नुसत्या अंतःपुरात बसून नव्हत्या, गावांचा आणि अग्रहारांचा, म्हणजे ब्राह्मणांना दान दिलेल्या गावांचा, कारभार त्यांच्याकडे असे. त्याच राजधानीत विज्ञानेश्वर 'मिताक्षरा' हा धर्मशास्त्रावरचा टीकाग्रंथ लिहीत होता. स्त्रीधनाची व्याख्या त्यानं रुंदावली. वारशानं आलेलं, विकत घेतलेलं, वाटणीत मिळालेलं तेही त्यानं त्यात धरलं. ही चर्चा होत असताना स्वतःच्या गावाचं उत्पन्न पाहणारी राणी त्याच नगरात राहत होती. दोघांना एका पानावर आणायला इतिहासाची आडकाठी नाही.

सवती टाळू नका. तिचं लग्न प्रेमाचं होतं म्हणून बाकीच्या दुष्ट होत नाहीत. चोळांची मुलगी तहाच्या मोबदल्यात आलेली, ही मन लावून आलेली. दोघी एकाच छताखाली. त्या दोघींमधलं बोलणं तुम्ही नीट लिहिलंत तर प्रेमविवाह म्हणजे त्या काळात काय, हे वेगळं सांगावं लागणार नाही.

आणि मग जयसिंह. विक्रमादित्याचा धाकटा भाऊ, कर्नाटकातल्या वनवासी प्रांताचा कारभारी. तो बंड करून सैन्यासह कृष्णेपर्यंत येतो, नदीकाठी लढाई होते, तो पकडला जातो. बिल्हणाचे चौदावा-पंधरावा सर्ग याच्यावर आहेत. दारापर्यंत जाऊन आत न गेलेला तो माणूस आता दुसऱ्या भावाला धरून आणतो, तेही तिच्या माहेरच्या नदीच्या काठावरून. पहिल्या भावाबद्दल तिनं दूताला विचारलं होतं. दुसऱ्याबद्दल नवऱ्याला विचारते की नाही? तुमचा उत्तरार्ध या एका प्रश्नावर उभा राहू शकतो.

आता थोडं कारागिरीचं. भाषेवर सर्वांत जास्त मेहनत लागेल. ऐतिहासिक कादंबरी म्हटलं की आपला हात आपोआप मुजरा, खलिता, दरबार, तख्त, फौज, खजिना, हुकूम, जनाना यांकडे जातो. हे सगळे शब्द फारसी-अरबीतून पुढच्या काळात आले. विक्रमादित्याच्या सभेत ते कानाला खुपतात. सभा, सिंहासन, सैन्य, भांडार, आज्ञा, अंतःपुर, मांडलिक, पाईक हे आपल्याकडे आहेत. पण संस्कृतचा मारा करू नका, नाहीतर माणसं देवळातल्या मूर्तींसारखी बोलायला लागतील. राज्यकारभार कानडीत चालायचा, लोक मराठी बोलायचे. सोलापूरजवळच्या हत्तरसंग-कुडलचा मराठी लेख शके 940 चा, म्हणजे 1018 चा आहे. कराडची मुलगी दोन्ही भाषांत वावरणार. दासीशी मराठी, दूताशी कानडी, कवीशी संस्कृत. कोणत्या प्रसंगी ती कोणती भाषा निवडते हे नुसतं नोंदवलंत तरी पुरे.

शेतात आणि ताटात काय ठेवता याकडेही बघा. मिरची, शेंगदाणा, मका, बटाटा, टोमॅटो, पेरू, सीताफळ, पपई हे सगळं पोर्तुगीज आल्यानंतरचं. कोरेगावचा वाघ्या घेवडासुद्धा. स्वयंवराच्या मंडपाला झेंडूच्या माळा लावू नका, केसांत निशिगंध माळू नका आणि देवळाच्या आवारात पांढरा चाफा लावू नका. तीनही अमेरिकेहून आलेले. सोनचाफा, जाई, बकुळ, केवडा, कमळ चालतील. तिखटाला मिरं. विक्रमादित्याचा मुलगा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लासा'त राजवाड्यातली पाककृती तपशिलानं दिली आहे. मंडक, इडरिका, धोसक सगळं तिथे सापडेल. एकाच पिढीचं अंतर असल्यानं निःशंक वापरा. वेशभूषेसाठी खिद्रापूरच्या कोपेश्वराला जा. मंदिर तिच्या नंतरचं आहे, पण अंगावरचे दागिने, केशरचना, वस्त्राचा घोळ तिथे दगडात जवळून बघता येतो. आपल्या जिल्ह्यातले अजिंक्यतारा, वैराटगड, पांडवगड, चंदन-वंदन हे किल्ले शिलाहार राजा दुसऱ्या भोजाच्या नावावर सांगितले जातात. तो शंभर वर्षांनी झाला. तेव्हा तिला अजिंक्यताऱ्यावरून सूर्यास्त दाखवायचा मोह आवरा.

आगाशिवची लेणी मात्र खुशाल दाखवा. तिच्या काळीच ती हजार वर्षांची जुनी होती. कराडचं नाव तर मध्य प्रदेशातल्या भारहूतच्या स्तूपावरील दानलेखांत आणि महाभारताच्या सभापर्वातही येतं. ती जुन्या नगरीतली मुलगी आहे, हे तिच्या चालण्या-बोलण्यात यायला हवं. संगमाला मात्र प्रीतिसंगम म्हणू नका, कृष्णा-कोयनेचा संगम म्हणा. आणि नदी धरणांच्या आधीची दाखवा. पावसाळ्यात दोन्हीकडून अंगावर येणारी, चैत्रात पात्राच्या मध्यापर्यंत वाळू दिसणारी. आजचा दोन्ही तीरांवरचा ऊस डोळ्यांसमोरून काढून टाका, तिथे ज्वारी-हरभरा ठेवा.

तुमचा शेवटचा प्रश्न कल्पनेच्या सीमेचा. माझा नियम साधा आहे. जे नोंदलं गेलंय ते मोडायचं नाही. नोंदीत जे कारण नाही, ते आपण द्यायचं. ती कराडची होती, तिनं वरलं, ती राणी झाली, तिचं चित्र काश्मीरला पोचलं. यातलं काही हलवू नका. का वरलं, ते तुमचं. पुस्तकाच्या शेवटी दोन पानांची टीप जोडा आणि कोणता प्रसंग कशाच्या आधारानं लिहिला, कोणता पूर्ण रचलेला, हे सरळ सांगून टाका. तुम्ही इतिहास शिकवता, तुमचे विद्यार्थी हे पुस्तक वाचणार आणि परीक्षेत तुमच्या दूताचं संभाषण उतरवून ठेवणार. त्यांच्यासाठी ती टीप हवीच.

सुरुवात कुठून करावी असं विचाराल तर स्वयंवरापासून नको. दूत कराडच्या वेशीवर येतो तिथून करा. पहिली तीन प्रकरणं झाली की मला पाठवा, मी वाचून सविस्तर लिहीन.